पालकसभेला ताईच हवी: एका घरातली दोन बालपणं

तेरा वर्षांच्या मुलाने घरी सांगून टाकलं, की शाळेच्या पालकसभेला आईने यायचं नाही, ताईने यायचं. कारण विचारलं तर सांगेना. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, बाबांनी आवाज चढवला आणि ताईने दोघांनाही सुनावलं, "तुम्हीच त्याला डोक्यावर बसवून ठेवलाय." या भांडणावरून हे कुटुंब माझ्याकडे समुपदेशनाला आलं.

आई ५२ वर्षांची, बाबा ५५, ताई ३२. म्हणजे थोरलीच्या जन्मावेळी आई २० आणि बाबा २३ वर्षांचे. धाकट्याच्या वेळी तेच ३९ आणि ४२. दोन्ही मुलं एकाच जोडप्याची, मधे १९ वर्षं. आई-वडिलांचं वय मुलाच्या बालपणात नेमकं काय करतं, हे वेगवेगळ्या घरांची तुलना करून कळणं अवघड असतं, कारण घराघरात इतर शंभर गोष्टी बदलतात. इथे आई-बाप तेच होते, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. (एकाहून अधिक घरांतले तपशील यात एकत्र गुंफले आहेत, कुणाची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.)

हट्टामागची घटना दुसऱ्या भेटीत बाहेर आली. शाळेच्या फाटकापाशी वर्गातल्या एका मुलाने विचारलं होतं, "तुझी आजी आलीय का?" आणि हा "हो" म्हणाला होता. आईला ते पुढे दुसऱ्या एका पालकाकडून कळलं. लोकांनी आजी समजणं तिला नवं नव्हतं. मुलगा कडेवर होता तेव्हापासून ती ते ऐकत आली होती. तिला लागलं ते त्याचं "हो".

बाबांच्या मते मुलाला आईची लाज वाटत होती. ताईच्या मते तो लाडावला होता. आईने लावलेला अर्थ सगळ्यांत कठोर होता आणि तो तिने स्वतःवरच उलटवला होता: "मी याला जन्म द्यायलाच उशीर केला."

तिघांचं ऐकताना दोन गोष्टी खटकल्या. मुलाला नीट बसवून कुणीच विचारलं नव्हतं. आणि बाबांच्या वयाचा विषय कुणी काढलाच नव्हता. ते आईपेक्षा तीन वर्षांनी मोठे, त्यांचे केस तिच्याआधी पिकलेले, तरी उशीर केला तो आईने, असं घरातले आणि बाहेरचे सगळेच धरून चालले होते. यावर मी थोडा वेळ मुद्दाम दिला, कारण हा समज शरीरशास्त्रालाही धरून नाही. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या अंडाशयांत दहा-वीस लाख अपक्व बीजं असतात आणि पुढे ती घटतच जातात, त्यामुळे आईच्या वयाची मर्यादा ठळक दिसते. डाऊन सिंड्रोम असलेलं बाळ जन्मण्याची शक्यता पंचविशीत सुमारे १,२५० मध्ये एक असते, चाळिशीत ती १०० मध्ये एक होते. पण पुरुषाच्या शुक्रपेशी आयुष्यभर नव्याने बनत राहतात आणि प्रत्येक विभाजनात जनुकांची नक्कल करताना बारीक चुका साचतात. आइसलँडमधल्या कुटुंबांवरचा जो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला, त्यात वडिलांच्या वयाच्या प्रत्येक वाढत्या वर्षामागे मुलात सरासरी दोन नवे जनुकीय बदल जास्त आढळले. त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात; घाबरवायला हे सांगितलं नव्हतं. पण ते ऐकून बाबा म्हणाले, "मला तर आजवर कुणी वय विचारलंच नाही," आणि आईने त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

थोरलीने सांगितलेलं घर

थोरलीच्या आठवणीतले आई-बाबा स्वतःच अजून वाढत होते. बाबांची नोकरी नवी, हातात पैसा नाही, आईचं शिक्षण अर्ध्यात सुटलेलं. थोरली पाच वर्षांची असताना आईने पुन्हा परीक्षेचा अर्ज भरला. मायलेकी एकाच टेबलाशी बसत. एकीच्या पुढ्यात बाराखडी, दुसरीच्या पुढ्यात पदवीचा अभ्यास. आई तिच्याबरोबर दोरीच्या उड्या मारायची, शर्यत लावायची आणि मुद्दाम हरत नसे. हे सांगताना थोरलीचा चेहरा उजळतो.

तेच आई-बाबा दार लोटून भांडायचे. दाराबाहेर उभं राहून, आवाज कुठे चढतो कुठे पडतो यावरून उद्याचा दिवस कसा जाणार हे ओळखायला ती फार लवकर शिकली. मारही बसायचा. "त्यांचा राग माझ्यावर निघायचा, पण तो माझ्यावरचा नसायचा," असं ती आज म्हणू शकते. आठव्या वर्षी तिला एवढंच कळायचं की आपलं काहीतरी चुकतंय.

एका बाबतीत मात्र तिचं बालपण श्रीमंत होतं. तिच्या भोवती धडधाकट माणसं होती. चारही आजी-आजोबा हिंडते-फिरते. आईची आई तर नात झाली तेव्हा अवघी ४२ वर्षांची. पहिली सहा वर्षं थोरली बरीचशी तिच्याजवळच वाढली. आई-बाप लवकर झालेल्या घरात हे पुष्कळदा पाहायला मिळतं: त्यांना अनुभव नसतो, पण त्यांच्या पाठीशी जी पिढी उभी असते तिच्या अंगात अजून बळ असतं. उशिरा झालेल्या मुलाच्या घरी हे चित्र उलटं होतं आणि तो हिशेब मूल जन्मण्याआधी फारसं कुणी करत नाही. दोन पिढ्या लागोपाठ वीस-बावीसच्या वयात आई झाल्या तर आजी बेचाळिशीत असते. दोन्ही वेळा चाळिशी गाठली तर आजी ऐंशीची असते. एका पिढीचा उशीर पुढच्या पिढीच्या अंगणातून आजी-आजोबा काढून घेऊ शकतो.

धाकट्याच्या वाट्याला नेमकं तेच आलं. तीन आजी-आजोबा तो जन्मायच्या आधी गेले होते, चौथी व्यक्ती अंथरुणाला खिळलेली. चुलत-मावस भावंडं सगळी मोठी झालेली. घरच्या कार्यात मूल म्हणून तो एकटाच. घर मात्र स्थिर. नोकऱ्या पक्क्या, आई-बाबा एकमेकांचे स्वभाव ओळखून बसलेले. हात कधी उगारला नाही. चूक झाली की समजावणं, मग पुन्हा समजावणं. बाबा रोज रात्री वाचून दाखवायचे. हे सगळं थोरली विशीत असताना डोळ्यांनी पाहत होती आणि तिच्या तोंडून निघालेलं एक वाक्य मला अजून आठवतं: "हे आई-बाबा मला कधी भेटलेच नाहीत."

तिचा हा अनुभव एकटीचा नाही. डेन्मार्कमध्ये आर्हुस विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१६ साली दाखवलं, की वय जास्त असलेल्या आया मुलांवर कमी ओरडतात, कमी मारतात आणि त्यांच्या मुलांमध्ये सातव्या आणि अकराव्या वर्षी वर्तनाच्या आणि भावनिक अडचणी कमी आढळतात. पंधराव्या वर्षी मात्र हा फरक उरला नाही. स्वीडनमधल्या नोंदींवर आधारलेलं त्याच वर्षीचं काम तर भावंडांचीच तुलना करतं: एकाच आईची पुढे जन्मलेली मुलं आधीच्यांपेक्षा सरासरीने जास्त शिकली, कारण मधल्या वर्षांत शिक्षण आणि आरोग्याच्या सोयीच सुधारल्या होत्या. दुसऱ्या शब्दांत, जे आपण आईच्या वयाच्या खात्यावर मांडतो त्यातलं बरंचसं काळाच्या खात्यावरचं असतं. ब्रिटनमध्ये १९५८ आणि १९७० साली जन्मलेल्या मुलांत पस्तिशीनंतर आई झालेल्यांची मुलं बौद्धिक चाचण्यांत मागे दिसत होती. २००० नंतर जन्मलेल्यांत ती पुढे दिसली. दोन पिढ्यांच्या अवधीत स्त्रीचं शरीर बदललं नाही. बदललं ते एवढंच, की पूर्वी पस्तिशीनंतरचं मूल बहुधा मोठ्या कुटुंबातलं शेंडेफळ असे आणि आता ते शिकलेल्या, स्थिरावलेल्या आईचं पहिलं मूल असतं.

हे थोरलीला सांगावं की नाही, याचा मी विचार केला आणि सांगितलं. अन्याय झाला ही तिची भावना त्याने पुसली जात नाही, पुसली जायलाही नको. पण भावावरचा तिचा राग हा खरं तर विशीतल्या आई-बाबांवरचा राग होता, हे तिला स्वतःला दिसू लागलं.

आईचं एकटेपण

या प्रकरणात सगळ्यांत कमी बोललं गेलं ते आईविषयी. शिकागोतल्या मानसशास्त्रज्ञ बर्निस न्यूगार्टन यांनी १९६०च्या दशकात मांडलेला विचार इथे उपयोगी पडला: नोकरी, लग्न, मूल, निवृत्ती यांचं एक सामाजिक घड्याळ प्रत्येकाच्या मनात चालू असतं आणि आपण वेळेवर आहोत, पुढे आहोत की मागे, हे माणूस सतत पडताळत असतो. वेळेवर असणाऱ्याला बरोबरीची माणसं मिळतात. ही बाई दोन्ही वेळा त्या घड्याळाच्या बाहेर होती. पहिल्या वेळी तिच्या मैत्रिणी महाविद्यालयात होत्या आणि ती रात्री बाळाला फिरवत होती. दुसऱ्या वेळी मैत्रिणींची मुलं दहावी-बारावीत होती आणि फाटकापाशी उभ्या असलेल्या आया तिच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान. दोन मुलं वाढवली, पण मुलांच्या आया म्हणून जी मैत्री होते ती तिला एकदाही मिळाली नाही.

दुसरं गर्भारपण तिने भीतीत काढलं. चाचण्यांचे निकाल येईपर्यंत तिने कुणाला धड सांगितलं नाही. १९ वर्षांच्या थोरलीने त्या गप्प राहण्याचा अर्थ लाज असा लावला, आणि तिला स्वतःलाही मैत्रिणींसमोर अवघडल्यासारखं होत होतंच. आपल्या आईला या वयात दिवस गेलेत, हे एकोणिसाव्या वर्षी कुणाला सांगवत नाही. आज धाकट्याला जी लाज वाटते तिची चव ताईने तेरा वर्षांपूर्वी घेतलेली आहे, हे तिने आपणहून भावाला सांगितलं. मला वाटतं, भावा-बहिणीतली गाठ तिथे सैल झाली.

आणखी एक गोष्ट, साधी पण महत्त्वाची. रजोनिवृत्ती साधारण ४५ ते ५५ या वयात येते. मुलगा वयात येत होता तेव्हाच आईचं शरीरही मोठ्या बदलातून जात होतं. झोप उडालेली, चिडचिड, अचानक येणारे उकाडे. एकाच घरात दोन माणसांची संप्रेरकं एकाच वेळी उलथापालथ करत होती. थोरली तेरा वर्षांची होती तेव्हा आई ३३ ची होती. तिच्या वेळी असं काही झालंच नव्हतं, म्हणून घरात कुणाच्या हे ध्यानातही आलं नाही.

आजीचं वय

चौघांना मी एक मोठा कागद दिला. डावीकडे घरातले महत्त्वाचे प्रसंग, समोर त्या-त्या वेळी प्रत्येकाचं वय. आईची नोकरी लागली तेव्हा कोण किती वर्षांचं होतं, आजी गेली तेव्हा, बाबा आजारी पडले तेव्हा. काम रुक्ष वाटतं, पण घराघरात वयाच्या ज्या समजुती असतात त्या अशा तक्त्यात चटकन उघड्या पडतात.

थोरली लिहिता लिहिता म्हणाली, "मी दहा वर्षांची असताना आजीच मला शाळेत न्यायची. म्हातारी होती, पण चालायची काय झपझप." बाबांनी आजीचं वय मांडलं. ५२. खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही, मग आई म्हणाली, "म्हणजे आज माझं आहे तेवढंच." थोरलीच्या बालपणातली म्हातारी आजी आणि धाकट्याची आई एकाच वयाच्या होत्या. थोरलीला ती आजी लहानपणी म्हातारी दिसली आणि त्यात तिला काहीच वावगं वाटलं नव्हतं. आजी अशीच असते, असं तिने धरलं होतं. धाकट्याला तेच वय आईचं म्हणून पाहावं लागत होतं. मुलाच्या डोळ्यांना आकडा दिसत नाही, त्या वयाला घरात कोणती जागा आहे हे दिसतं.

मुलगा त्या कागदाकडे बराच वेळ पाहत राहिला आणि मग बोलता झाला.

वजाबाकी

लहान मुलांची वयाबद्दलची समज टप्प्याटप्प्याने घडते. मानसशास्त्रज्ञ झाँ प्याजे यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिलं, की चार-पाच वर्षांच्या मुलाला उंची म्हणजेच वय वाटतं आणि मोठ्या माणसांची वाढ थांबली म्हणजे त्यांचं वयही थांबलं, असं ते धरून चालतं. या मुलालाही पाचव्या वर्षी वाटायचं की आपण मोठे झालो की ताईच्या बरोबरीचे होऊ. सात-आठच्या सुमारास कळतं, की दोघांच्या वयातलं अंतर कधी मिटत नाही. साधारण त्याच वर्षांत मुलाला मरणाचंही नीट भान येतं: ते प्रत्येकाला येतं आणि परत फिरत नाही. या दोन समजुती जिथे भेटतात तिथे वजाबाकीचं गणित सुरू होतं. २२ वर्षांच्या आईच्या मुलाचंही होतं, पण त्याच्या उत्तरात भरपूर वर्षं शिल्लक राहतात.

हा मुलगा ते गणित वर्षानुवर्षं मनात करत होता. मी वीस तर आई एकोणसाठ. मी तीस तर बाबा बहात्तर. काही महिन्यांपूर्वी बाबांना रक्तदाब वाढला म्हणून रुग्णालयात ठेवलं होतं आणि घरी त्याला सांगितलं होतं, "काही नाही रे, नुसती तपासणी." त्याचा विश्वास बसला नाही. तेव्हापासून तो रात्री उठून त्यांच्या दाराशी जाऊन श्वास ऐकून येत होता. थोरली एके काळी ज्या दाराबाहेर उभी राहून भांडणं ऐकायची, तसंच हेही बंद दाराबाहेरून ऐकणं, कारण तेवढं वेगळं.

फाटकापाशी "हो" का म्हणालास, असं विचारल्यावर तो म्हणाला, "आई म्हटलं असतं तर त्याने वय विचारलं असतं. मला ते मोठ्याने म्हणायचं नव्हतं."

इथे सगळ्यांना हायसं वाटलं आणि आई पुढे होऊन म्हणाली, म्हणजे तुला माझी लाज नव्हती वाटत. मी तिला थांबवलं. त्याला लाजही वाटत होती. तेराव्या वर्षी वेगळं दिसण्याची लाज वाटतेच, तरुण आईची मुलंही तिच्या कपड्यांवरून, बोलण्यावरून लाजतात. भीती सापडली म्हणून लाज खोटी ठरवली, तर पुढच्या वेळी तो ती लपवेल. मुलाने मान हलवली. "थोडी वाटते," तो म्हणाला.

मग त्याने मूळ प्रश्न विचारला. "तुम्ही दोघं नसलात तर मी कुठे राहायचं?"

आई पटकन म्हणाली, "ताई आहे ना."

"मला विचारलंत कधी?" थोरलीने बाबांकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही तरी?"

आई-बाबांनी मृत्युपत्र करून ठेवलं होतं आणि त्यात पालक म्हणून तिचं नाव घातलं होतं, तिला न सांगता. त्यांना ते इतकं गृहीत होतं की सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं. भाऊ झाला तेव्हा तिने पुढच्या शिक्षणासाठी बाहेर जायचा बेत रद्द केला होता, तोही कुणी मागितला नव्हता आणि कुणी अडवलाही नव्हता. कुटुंबोपचारात अशा मुलाला पालकाच्या भूमिकेत ढकललं गेलेलं मूल म्हणतात. या उपचारपद्धतीच्या प्रवर्तकांपैकी एक असलेल्या साल्व्हादोर मिनुचिन यांनी त्याबद्दल सांगितलं आहे, की ही भूमिका उघड ठरलेली असेल, तिला मर्यादा असेल आणि आई-बाप आपल्या जागी असतील तर मुलाचं त्यात नुकसान होतंच असं नाही. नुकसान होतं ते न बोलता लादल्याने. विशीतल्या आई-बाबांनी थोरलीवर आपले ताण टाकले, पन्नाशीतल्या आई-बाबांनी आपलं भविष्य. दोन्ही वेळा प्रेम होतं. दोन्ही वेळा तिला विचारलं गेलं नाही.

या घराने पुढे जे केलं ते साधंच होतं. बाबांनी मुलाला पुढच्या तपासणीला बरोबर नेलं. त्याने प्रश्नांची चिठ्ठी लिहून नेली होती आणि डॉक्टरांनी ते सगळे प्रश्न ऐकून उत्तरं दिली. "आम्ही कुठे जात नाही" हे वाक्य घरात बंद झालं. त्याऐवजी बाबा आता म्हणतात, "तू कमावता होईपर्यंत आम्ही बहुतेक असू, नसलो तर काय होईल ते ठरलंय आणि ते तुला माहीत आहे." तेरा वर्षांच्या मुलाला खोट्या हमीपेक्षा हे जास्त पेलतं, असं माझं ठाम मत आहे. मृत्युपत्र नव्याने झालं. थोरलीने होकार दिला, पण आपल्या अटींवर: मुलाच्या खर्चाची तजवीज वेगळी असावी, एक काकाही जबाबदारीत असावेत, आणि कुठे राहायचं हे मुलाला विचारून ठरावं. बाबा निवृत्त होतील तेव्हा मुलगा १८ चा असेल, म्हणजे त्याच्या शिक्षणाचा मोठा खर्च आणि त्यांचं उत्पन्न घटणं एकाच वेळी येणार. तो हिशेबही त्यांनी या निमित्ताने पहिल्यांदा कागदावर मांडला.

पालकसभेला पुढच्या खेपेला आई-बाबा दोघं गेले. मुलगा त्यांच्यापासून चार पावलं पुढे चालत होता, असं आईने सांगितलं, आणि तिने ते चालवून घेतलं. रात्री दाराशी जाणं कमी झालंय, थांबलेलं नाही.

थोरलीने स्वतःसाठी वेगळी भेट मागितली. "मी एक मूल वाढवून झालंय," असं ती एवढी वर्षं सगळ्यांना सांगत आली होती. आता तिला विचारायचं होतं, योग्य वय कोणतं. मी आकडा दिला नाही. पस्तिशीनंतर शरीराच्या बाजूने काय बदलतं ते सांगितलं, तिच्या नवऱ्याचं वयही त्यात मोजायला लावलं, आणि मूल दहा वर्षांचं होईल तेव्हा घरातलं कोण किती वर्षांचं असेल, तेव्हा तिच्या मदतीला कोण येऊ शकेल आणि कुणाला तिची मदत लागेल, हे तसाच तक्ता करून लिहून आणायला सांगितलं. नवरा-बायको दोघांनी मिळून तो भरायचा आहे. त्यांची भेट अजून व्हायची आहे.